'बेकायदा जुगार' ही द्विरुक्ती आहे का?

खाजन:
गोव्यात जत्रांचे दिवस आले की वर्तमानपत्रांत मथळे दिसतात : 'बेकायदा जुगारावर छापा'. शेजारीच मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या परवाना शुल्काची बातमी असते, तिच्यात 'जुगार' हा शब्द औषधालाही सापडत नाही. जुगार म्हटले की बेकायदा हे आलेच ना? मग वर पुन्हा विशेषण कशाला? आणि एक उपप्रश्न. आमचे काका छातीठोक सांगतात की जुगार हा शब्द पोर्तुगिजांनी दिला, त्यांच्या भाषेत 'झुगार' म्हणजे खेळणे. खरे का?

कुळागर:
काकांचे आधी. उच्चार जुळतो म्हणून मोह होतो खरा, पण गुजरातीतही 'जुगार' आहे आणि हिंदीत 'जुआ', 'जुआरी'. मूळ 'द्यूतकार', प्राकृतात 'जूआर'. 'क'चा 'ग' होणे आपल्याला नवे नाही, बकाचा बगळा झालाच की. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'द्यूतं छलयतामस्मि' आहे, तिथे ज्ञानेश्वरांनी 'जूं' हा शब्द घातला. पोर्तुगीज तेव्हा दोन शतके दूर होते.

व्हाळावरचा:
पण द्यूतकार म्हणजे खेळणारा माणूस. मग जुगार म्हणजे खेळ कसा?

कुळागर:
कर्त्याचा शब्द क्रियेला चिकटला आणि माणसासाठी पुन्हा 'ई' लावून 'जुगारी' करावा लागला. 'पैज'चे याहून गमतीचे आहे. तो 'प्रतिज्ञा'वरून आला, म्हणजे कुळाने अगदी सोवळा.

जुना वार्ताहर:
खाजनबाब, डेस्कवर बसून हे मथळे मीही पाडले आहेत, म्हणून मुख्य प्रश्नाला थोडे लांबून उत्तर देतो.

आपल्याकडचा कायदा १९७६चा, 'गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा'. तो झाला तेव्हा तुमची द्विरुक्ती जवळजवळ खरी होती. १९९२ साली त्यात १३-अ कलम घातले आणि पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांवरच्या जुगाराला वाट करून दिली. १९९६मध्ये जहाजांवरच्या टेबलांची भर पडली. म्हणजे कॅसिनोसाठी वेगळा कायदा झालाच नाही, जुगारबंदीच्याच कायद्यात खिडकी पाडली. तेव्हापासून गोव्यात कायदेशीर जुगार ही वस्तू अस्तित्वात आहे. म्हणून 'बेकायदा जुगार' व्याकरणाने निर्दोष. खटकते ते दुसरेच : 'कायदेशीर जुगार' असे कोणी छापत नाही. तिथे 'कॅसिनो', 'गेमिंग', 'मनोरंजन', 'पर्यटन'. जत्रेतला गडगडा हा फाशांचा खेळ मात्र जुगार, आणि तो जिथे चालतो तो 'अड्डा'. जहाजाला अड्डा म्हटलेले मी तरी कुठल्या बातमीत वाचलेले नाही.

पर्वरीची बाय:
मग सरळ सगळेच बंद करा. नाव बदलल्याने घरात येणारा पगार वाचत नाही.

व्हाळावरचा:
बाय, मटका कधीपासून बंदच आहे. संपला का? न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडे लागायचे तेव्हापासूनचा तो धंदा. मडक्यातून चिठ्ठ्या काढणे केव्हाच संपले, नाव तेवढे राहिले. त्यापेक्षा परवाना द्या, कर घ्या.

जुना वार्ताहर:
तुम्ही दोघे एकाच शब्दावर भांडता आणि क्रियापदे सोडून देता. आपण काय बोलतो ऐका. गिऱ्हाईक आकडा 'लावतो'. गाड्यावरचा माणूस मटका 'घेतो'. पोलीस बातमी देतात ती 'मटका घेणाऱ्यास अटक' अशी. खेळणारा आणि खेळवणारा ही दोन माणसे भाषेने नीट वेगळी ठेवली आहेत. जुगार गुन्हा असावा का, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर या फरकात आहे. खेळवणारा धरावा, खेळणाऱ्याला हातकडी घालू नये. त्याने आधीच हरलेले असते.

जुना कायदा दोघांनाही धरतो, अड्डा चालवणाऱ्यालाही आणि तिथे सापडलेल्यालाही. गोव्यात तर याची उलटी तऱ्हा झाली. १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयाला कॅसिनोत खेळायला बंदी, नोकरी मात्र करता येते. म्हणजे खेळवणाऱ्याकडे परवाना आणि मनाई खेळणाऱ्याला, तीही त्याचा पत्ता बघून! आपल्या माणसांना जी गोष्ट घातक म्हणून दार लावायचे, तीच बाहेरून येणाऱ्याला पर्यटन म्हणून विकायची. हे मला कधी पटले नाही.

कुळागर:
संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा केला, त्यात तुमचाच भेद आहे. शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. शिवाय 'कौशल्याचा खेळ' आणि 'नशिबाचा खेळ' ही जुनी जोडी त्याने बाजूला सारली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले होते, तेव्हापासून ती जोडी वकिलांच्या तोंडी होती.

पर्वरीची बाय:
रमीत कौशल्य आहे हे चवथीच्या रात्री आमच्या घरी येऊन पाहा. पण वार्ताहरबाब, खेळणाऱ्याला सोडा म्हणता, मग कर्ज काढून खेळणाऱ्याच्या बायकोने कोणाकडे जायचे?

जुना वार्ताहर:
रास्त विचारलेत. पैजेचा करार १८७२च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमाने रद्दबातल आहे. जिंकणाऱ्याला हरलेले पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत. 'रद्दबातल' आणि 'बेकायदा' हे दोन शब्द आपण सर्रास एक धरतो, कायदा धरत नाही. मात्र पैसे आधीच रोख मोजून दिले की या कलमाचा बायकोला काही उपयोग नाही, आणि गाड्यावर उधारी कोण ठेवतो?

खाजन:
काकांना बगळ्याचे सांगितले. ते म्हणतात, बगळाही पोर्तुगीजच असेल.