अंगठ्याचं ऑपरेशन आत्ता करू की जूनची कॉम्रेड्स उरकून?

यवतेश्वरची_सून

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्याची, वय ४७, बँकेत नोकरी. पळायला लागले पस्तिशीत, तेही शेजारणीच्या नादाने. ती दोन महिन्यांत थांबली, मी अडकले ती अडकलेच. सातारा हिल हाफ मॅरेथॉन सहा वेळा, मुंबई फुल मॅरेथॉन चार वेळा, आणि यंदा जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स, ही जवळजवळ नव्वद किलोमीटरची शर्यत. डाउन रन होती, म्हणजे पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे. ११ तास ३८ मिनिटं. बारा तासांना दार बंद होतं, तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

दुखणं डाव्या पायाच्या अंगठ्याचं. मुळाशी, वरच्या अंगाला बोराएवढं टेंगूळ आहे. सुरुवातीला वाटलं बूट लागतोय. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी युरिक अॅसिड म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या. रक्त तपासलं त्यानंतर, तर युरिक अॅसिड नॉर्मल! शेवटी एक्स-रे काढला. सांध्यावर हाड वाढलंय आणि आतली फट कमी झालीये. नाव हॅलक्स रिजिडस. साध्या भाषेत, अंगठा गंजलाय. उजवा अंगठा हाताने वर ओढला तर खुशाल मागे येतो, डावा बोटभर उचलला की खाली दगड आल्यासारखा अडतो.

कोल्हापुरी दोन वर्षांपासून माळ्यावर आहे, कारण चपलेच्या अंगठ्यात पायाचा अंगठा घालताना जीव जातो. पळायच्या बुटाची वरची जाळी टेंगळावर घासायची, म्हणून एका रात्री दाढीच्या ब्लेडने तिथे रुपयाएवढं भोक पाडलं. बूट साडेचौदा हजारांचा. नवऱ्याला अजून कळलेलं नाही. लेस ओवतानाही बोटांजवळचं पहिलं भोक सोडून देते, म्हणजे दाब येत नाही.

सपाटीला मी पाय बाहेरच्या कडेवर टाकून अंगचोरी करते. फोटोग्राफरच्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं. चढाला चोरी चालत नाही. समर्थ मंदिरापासून वर यवतेश्वरपर्यंत टाच उचलली की अंगठा वाकायलाच लागतो, आणि प्रत्येक पावलाला तो नाही म्हणतो. आता त्या कडेवर पळून पळून गुडघ्याची बाहेरची बाजूही धरायला लागलीये.

पुण्यात दोन ऑर्थोपेडिक सर्जन झाले. पहिले म्हणाले, वाढलेलं हाड तासून काढू, सांधा तसाच ठेवू (काइलेक्टमी). दुसरे म्हणाले, तासण्यात वेळ घालवू नका, सांधा जोडूनच टाका (फ्यूजन). सासऱ्यांचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, पळणं सोडा, या वयात कुठलं मेडल घ्यायचंय?

तर नेमकं मेडलच घ्यायचंय! आपल्या पहिल्या दोन कॉम्रेड्स लागोपाठच्या वर्षी पूर्ण केल्या तर बॅक-टू-बॅक नावाचं जादा मेडल मिळतं. पुढच्या जूनला नाही गेले तर ते कायमचं गेलं. आणि पुढची अप रन आहे, म्हणजे उलट, डर्बनहून वर चढत. कावीज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा, आणि पाय संपल्यावर शेवटी पॉली शॉर्ट्स.

आत्ता दिवाळी झालीये. आत्ता ऑपरेशन केलं तर जूनपर्यंत पाय तयार होईल का? की अशीच पळू आणि जुलैत करू? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. करू नका म्हणणारे घरात भरपूर आहेत.

उशिरा_सुटलेला

ताई, मी नाशिकचा, ५४. माझी काइलेक्टमी उजव्या पायाची, चार वर्षं झाली. आधी निकाल सांगतो: केल्याचा पस्तावा नाही. घाई केल्याचा आहे.

दोन आठवडे पुढून कडक असलेला सर्जिकल बूट घालून टाचेवर चालणं. टाके निघाले बाराव्या दिवशी. उजवा पाय म्हणून गाडी महिनाभर बंद, ऑफिसला मेव्हणा सोडायचा आणि रोज ऐकवायचा. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसापासून अंगठा हाताने वर-खाली करायला सांगितला होता. मी दुखतंय म्हणून टाळला. मग पाचव्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून गंगापूर रोडला तीन किलोमीटर पळून आलो. म्हणजे जिथे हलवायचं तिथे हलवलं नाही, आणि जिथे थांबायचं तिथे थांबलो नाही. सूज जी आली ती पुढे सहा महिने संध्याकाळी यायचीच. ऑपरेशन टेबलावर अंगठा किती वाकतो याचा फोटो डॉक्टरांनी दाखवला होता. त्याच्या निम्माही आज वाकत नाही. पण टेंगूळ गेलं आणि ती खुपणारी कळ गेली.

दहा किलोमीटर साडेतीन महिन्यांनी. फुल मॅरेथॉन नऊ महिन्यांनी. आता तुम्ही नोव्हेंबर ते जून मोजा.

आजोबांचा_काढा

ताई ऑपरेशनच्या नादी लागू नका. एरंडाची पानं तेल लावून तव्यावर गरम करा आणि रात्री बांधा. २१ दिवस. आमच्या आत्याचं हाड विरघळलं.

यवतेश्वरची_सून

@आजोबांचा_काढा, सासूबाईंनी ४० दिवस बांधली. शेक छान वाटतो, खोटं कशाला बोलू. चादरी तेलकट झाल्या, हाड जागेवर आहे.

@उशिरा_सुटलेला दादा, नऊ महिने वाचून पोटात गोळा आला. म्हणजे आत्ता केलं तर जून गेलाच.

पुण्याची_फिजिओ

मी पळणाऱ्यांचेच पाय बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तपासल्याशिवाय कुणालाही उपचार सांगता येत नाही, हे गृहीत धरा.

दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात म्हणजे एक चुकतोय असं नाही. कदाचित दोघांनी अंगठा वेगवेगळ्या जागी दुखताना पाहिला. ही परीक्षा घरी होते. खुर्चीत बसा, अंगठा हाताने हळूहळू वर उचला. कळ फक्त अगदी शेवटी, अडतो तिथेच येते का? की अर्ध्या वाटेत, मोकळा हलतानाही आत दळल्यासारखं दुखतं? फक्त शेवटी दुखत असेल तर वरचं हाड आड येतंय, तासून फायदा होण्याची आशा बरी. मधेच दुखत असेल तर आतली कूर्चाच झिजलीये. तिथे वरचं हाड काढून सांध्याच्या आतलं दुखणं जात नाही, मग फ्यूजनचा विचार होतो. एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला हवा. झोपून काढलेला असेल तर परत काढा.

काइलेक्टमीत सांध्यातल्या हाडाच्या डोक्याचा वरचा साधारण पाव भाग टेंगळासकट काढतात. झीज त्याने बरी होत नाही, ती पुढे सरकू शकते. पण तासल्यावर पुढे कधी लागलंच तर फ्यूजन करता येतं. फ्यूजननंतर मात्र तो सांधा परत वाकता होत नाही.

आता जूनचं. काइलेक्टमीनंतर पळायची सुरुवात साधारण तीन महिन्यांनी, ती सुद्धा मिनिटभर पळा, मिनिटभर चाला अशी. तिथून चार महिन्यांत ८५-९० किलोमीटरची अप रन मी कुणाला सुचवणार नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न ऑपरेशन आत्ता की नंतर असा उरत नाही. येणारा जून न कापलेल्या अंगठ्याने पळायचा की सोडायचा, एवढाच आहे.

पळायचाच असेल तर अंगठ्याला वाकायची गरज कमी करा. इनसोलखाली बसणारी कार्बन फायबरची पातळ कडक प्लेट मिळते. तळ पुढून होडीसारखा वर वळलेला आणि कडक असा बूट घ्या, म्हणजे अंगठ्याऐवजी बूट गडगडतो. आणि चढ चाला! अप रनला तुमच्या वेळेचे जवळजवळ सगळेच चढ चालतात, त्यात लाज नाही. हात मांडीवर ठेवून पावलं छोटी टाका.

एक विनंती. पेनकिलर खाऊन पळू नका. इतके तास घाम जातोय, किडनीला रक्त कमी पोचतंय, त्यात त्या गोळ्या हे फार वाईट जुळून येतं. अंगठ्यापायी डायलिसिसची वेळ आलेली माणसं कुणी फोटोत टाकत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शनही रेसच्या तोंडावर नको. दुखणं झाकलं जातं आणि तुम्ही सांध्याला काय करताय ते कळत नाही.

कुडाळची_सायकल

अगं, फ्यूजनचं नाव काढलं की सगळे असे घाबरतात जसा काही पाय कापतायत. माझं झालंय. डावाच पाय. एक प्लेट, पाच स्क्रू.

मला कमरेखाली भूल होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सांधा कुठल्या कोनात जोडायचा हे ठरवताना डॉक्टरांनी हत्यारांच्या ट्रेचं झाकण माझ्या तळव्याला जमिनीसारखं दाबून धरलं, अंगठा किंचित वर राहील असं बघितलं, आणि सिस्टरना म्हणाले, "एवढा बास." त्या "एवढा बास"वर माझं उरलेलं आयुष्य ठरलं! म्हणून तुला सांगते, फ्यूजन करायचंच तर आधी सांग की मी पळते, घाट चढते, कुठले बूट वापरते. ऑपरेशनच्या दिवशी नाही, त्याच्या आधी.

सहा आठवडे पुढच्या पायावर वजन नाही. जोडवी काढायला लावली होती, ती परत घातलीच नाहीत. सातव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं तेव्हा डॉक्टरांपेक्षा मीच जास्त खूश. पळायला सुरुवात पाचव्या महिन्यात. आज हाफ मॅरेथॉन करते, सायकल तर कितीही.

काय गेलं? अंगठे मुडपून बसणं गेलं. टाचांच्या चपला गेल्या, त्या तशाही वापरत नव्हते. उंच फळीवरचा डबा काढायला चवड्यावर उभी राहिले की डावीकडे लटपटते. टाच टेकून उकिडवं मात्र आरामात बसते, ती भीती होती. आणि दुखणं? नाही. सांधाच नाही तर दुखणार काय?

पण ९० किलोमीटरचं मी सांगू शकत नाही. तेवढं मी सायकलवर जाते.

उशिरा_सुटलेला

फिजिओबाईंनी सांगितलेली परीक्षा माझ्या वेळी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मी फक्त खर्च विचारला होता.

ताई, एक खासगी विचारतो, राग नको. बॅक-टू-बॅक मेडल नसतं तर काय केलं असतंत?

यवतेश्वरची_सून

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. ऑडिट होतं.

दादा, राग कसला. मेडल नसतं तर आत्तापर्यंत ऑपरेशन करून टाचेवर चालत असते. हे लिहायला मला तीन आठवडे लागले, ऑडिट निमित्त.

खुर्चीत बसून परीक्षा केली. एकदा नाही, रोज. नवरा म्हणाला, पूजा करतेस का अंगठ्याची? मधे दुखत नाही. कळ अगदी शेवटीच येते, दार चौकटीला आपटावं तशी. मग वजन देऊन नवा एक्स-रे काढला आणि फ्यूजन सांगणाऱ्या दुसऱ्या सर्जनकडेच परत गेले. त्यांना विचारलं, मागच्या वेळी तुम्हाला मधे दुखताना दिसलं होतं का? त्यांनी अंगठा धरून पुन्हा बघितला, बराच वेळ. म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही आदल्या दिवशी किती पळून आला होतात? मी ३२ किलोमीटर पळून थेट गाडीत बसले होते. पाय सुजलेला होता, कुठेही हात लावला तरी ओरडले असते. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. आता तेही म्हणतात, आधी तासून बघू.

थांबून चालेल का, हेही विचारलं. म्हणाले, सहा महिन्यांत तुमचा अंगठा पळून जाणार नाही. पण प्रत्येक लांब पळण्यानंतर दुसऱ्या दिवशी लंगडत असाल तर तुम्ही तो झिजवताय, तो हिशेब तुमचा तुम्ही ठेवा.

म्हणून वही केलीये. जानेवारीत मुंबई फुल प्लेट घालून पळते, कॉम्रेड्सच्या पात्रतेसाठी ही मॅरेथॉन लागणारच आहे. पेडर रोड चालत चढणार. नंतर फेब्रुवारीअखेर घाटात ३५ किलोमीटर, चढ चालून. दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना रेलिंग न धरता उतरता आला तर जून. नाही आला तर मार्चची तारीख सर्जनकडे पेन्सिलीने लिहून ठेवलीये, आणि मेडल गेलं. एंट्रीचे पैसे गेले तरी चालतील असं नवऱ्यासमोर मोठ्याने म्हणून झालंय. त्याच वेळी बुटाच्या भोकाचंही सांगून टाकलं. तो म्हणाला, मला वाटलं उंदराने कुरतडलाय.

पहिले दोन रविवार प्लेटवर झाले. पहिले चार किलोमीटर लाकडी खडावा घातल्यासारखं वाटलं, नंतर विसरले. यवतेश्वरच्या शेवटच्या वळणापर्यंत अंगठा गप्प होता. गप्प म्हणजे कुरकुरत होता, ओरडत नव्हता.

आता एक बारीक प्रश्न. प्लेट फक्त डाव्या बुटात आहे, त्यामुळे डावा पाय चिमूटभर उंच होतो आणि दुसऱ्या रविवारी उजवी कंबर धरली. उजव्यातही प्लेट घालू का?

पुण्याची_फिजिओ

उजव्यात प्लेट नको, चांगला अंगठा उगाच जखडू नका. जुन्या बुटातली पातळ इनसोल काढा आणि उजवीकडच्या इनसोलखाली सरकवा. आठवडाभर आधी घरात आणि बँकेत घालून चाला, मग रविवार.