शाळेचं शेवटचं वर्ष: पुढचं ठरवताना नेमकं काय तपासायचं?

शेवटचा_बाक

शाळा संपायला चार महिने राहिलेत. मला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही आवडतात, हाताने काही बनवायलाही आवडतं. सल्ले मात्र दोनच मिळतात: ‘मनाचं ऐक’ आणि ‘स्कोप बघ’. दोन्ही ऐकून झाल्यावर उद्या सकाळी उठून करायचं काय, ते कळत नाही.

मला वाटतं, इतकी वर्षं प्रश्न दुसऱ्याने काढायचा आणि उत्तर आम्ही लिहायचं, याचीच सवय लागली. आता पहिल्यांदाच प्रश्नसुद्धा आपणच काढायचा आहे आणि तो कसा काढायचा हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणून इथे विचारते:

प्रवेश घेण्याआधी एखादा अभ्यासक्रम आपल्याला झेपेल, रुचेल हे तपासता येतं का? शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं तर ‘परवडतं’ हे कशावरून म्हणायचं? वर्षभर थांबलं तर नुकसान होतं का? आणि शाळेतली अभ्यासाची पद्धत पुढे चालते का?

कृपया करता येईल असं काही सांगा.

उलटी_पायरी

तपासता येतं. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नकोस. विषयांची पूर्ण यादी मिळव आणि ती शेवटच्या वर्षाकडून पहिल्या वर्षाकडे वाच.

कारण असं की पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभूत विषयांचं असतं आणि ते एकमेकांसारखंच दिसतं. अभ्यासक्रमाचा खरा चेहरा तिसऱ्या वर्षात दिसतो. मानसशास्त्राला जाणाऱ्या कित्येकांना संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय मोठ्या प्रमाणावर असतील याची कल्पनाच नसते. संगणकशास्त्र म्हणजे अ‍ॅप बनवणं, असं समजून गेलेल्यांसमोर विविक्त गणित, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिम येतात. जैवतंत्रज्ञानात प्राण्या-वनस्पतींपेक्षा जीवरसायनशास्त्र आणि प्रयोगशाळेतलं अत्यंत काटेकोर, तेच तेच काम जास्त असतं.

यादी छापून घे आणि प्रत्येक विषयापुढे खूण कर: कुणी न सांगता वाचेन, सांगितलं तर करेन, नकोच. ‘नकोच’ एक तृतीयांशाच्या वर गेलं तर थांब. नाव कितीही भारदस्त असलं तरी रोज उठून तेच करायचं आहे.

मग चाचणी. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. आज तिथे पहिल्या वर्षाच्या अनेक विषयांच्या टिपणांबरोबर गृहपाठ आणि प्रश्नपत्रिकाही फुकट मिळतात. व्याख्यानं बघत बसू नकोस. चांगला शिक्षक काहीही रंजक करून सांगतो, त्यातून आपल्याबद्दल काही कळत नाही. गृहपाठ सोडव. दीड-दीड तासाच्या दहा बैठका पुरेत. पहिल्या तीन बैठका कुठल्याही नव्या विषयात वाईटच जातात, त्यांवरून निकाल लावू नकोस. सातवी-आठवी बैठक बघ. अडल्यावर चिडचिड सगळ्यांचीच होते. पण वही मिटल्यावर, दात घासताना, तेच गणित डोक्यात घोळतंय का? घोळत असेल तर ती आवड खरी आहे.

त्या क्षेत्रात तीन ते पाच वर्षं काम केलेली दोन-तीन माणसंही गाठ. फार वरिष्ठ नकोत, त्यांची सुरुवात वेगळ्या काळात झालेली असते. ‘तुमचं क्षेत्र चांगलं आहे का?’ असं विचारलंस तर ‘चांगलं आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचार: ‘काल दिवसभरात कोणकोणती कामं केलीत? त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं कुठलं? हे सोडून गेलेले लोक का गेले?’

आणि दोन वाटांमध्ये अडलीस, तर जिच्यावरून परत फिरता येतं ती आधी धर. गणित चालू ठेवून नंतर जीवशास्त्राकडे वळणं तुलनेने सोपं असतं. उलट दिशेने अवघड, कारण गणिताची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते आणि दोन वर्षांच्या खंडानंतर पुष्कळ पायऱ्या पुन्हा बांधाव्या लागतात.

हिशेबवही

कर्जाचं सांगतो. सगळे आकडे दर शंभरामागे धर.

समजा चार वर्षांच्या शिक्षणासाठी १०० घेतले. ते एकदम मिळत नाहीत, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला २५ मिळतात. व्याज वार्षिक ९ टक्के, सरळ. पहिल्या २५ वर चार वर्षं व्याज चढतं, दुसऱ्यावर तीन, मग दोन, मग एक. म्हणजे २५ × ०.०९ × १० = २२.५. शिक्षण संपेल तेव्हा देणं १०० नसून १२२.५ असतं. हे व्याज मुद्दलात मिळवून दहा वर्षांची परतफेड धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १.५५ आणि एकूण परतफेड १८६ च्या आसपास.

आता हेच व्याज शिकत असताना वरचेवर भरत गेलं, तर नंतरचा हप्ता १.२७ होतो. दहा वर्षांचे १५२ आणि आधी भरलेले २२.५, मिळून १७४.५. म्हणजे शंभरामागे जवळजवळ १२ वाचले.

‘शिकताना हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही’ हा समज सगळ्यात महाग पडतो. काही योजनांत त्या काळातलं व्याज खरोखर माफ असतं किंवा दुसरं कुणी भरतं, पण ते करारात लिहिलेलं पाहिजे. करार हातात आल्यावर एवढं शोध: व्याज कोणत्या दिवसापासून लागतं, ते मुद्दलात कधी आणि किती वेळा मिळवतात, दर स्थिर आहे की बदलता, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, शिक्षण अर्धवट सुटलं तर परतफेड कधी सुरू होते, आणि जामीनदार कोण. शेवटचे दोन मुद्दे कुणी वाचत नाही, आणि घर अडचणीत येतं ते बहुतेक वेळा तिथेच.

परवडतं का, हे पहिल्या नोकरीच्या हातात येणाऱ्या पगारावरून ठरव. माझ्या मते हप्ता त्याच्या सातव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. पगार धरताना संस्थेने जाहिरातीत दिलेली सरासरी धरू नकोस. दहा जणांपैकी नऊ जणांना ४ आणि एकाला ४० मिळाले तर सरासरी ७.६ येते, पण तो पगार वर्गात एकालाही मिळालेला नसतो. मध्यक माग, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. इथे तो ४ आहे. आणि छेद कोणता हेही विचार. ‘९० टक्क्यांना नोकरी’ हे वर्गातल्या सगळ्यांपैकी, की नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांपैकी? या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

हातोडी_छिन्नी

तुला हाताने बनवायला आवडतं, आणि वर कुणी त्याचा विचारच केला नाही म्हणून लिहितो. काम करत शिकणं हा ‘मार्क कमी पडले म्हणून’ घ्यायचा रस्ता नाही. जर्मनीत मुलं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात किंवा कार्यालयात आणि उरलेले व्यवसायशाळेत शिकतात. हे प्रशिक्षण साधारण दोन ते साडेतीन वर्षांचं असतं, पगारही मिळतो आणि शेवटी परीक्षा असते.

मात्र उमेदवारी धरायची तर करार लेखी हवा. त्यात काय शिकवणार याची यादी, शिकवणाऱ्याचं नाव, कामाचे तास, मोबदला आणि शेवटचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं हे असलं पाहिजे. त्या कंपनीबाहेर ते प्रमाणपत्र चालत नसेल तर त्याची किंमत फारशी नाही. नेहमी बिघडतं ते असं: मुलगा किंवा मुलगी एका यंत्रावर तरबेज झाली की तिला तिथेच ठेवतात, कारण मालकाला ते सोयीचं असतं. वर्षाने तिला तेवढं एकच काम येतं. म्हणून ‘दर तीन-चार महिन्यांनी विभाग बदलेल’ हे आधीच लिहून घ्यावं. वेल्डिंग, वायरिंग, यांत्रिक काम, काहीही असो, जाण्याआधी तिथे एक पूर्ण दिवस उभं राहून बघ. आवाज, उष्णता, धूळ सहन होते का आणि डोळ्यांवर, कानांवर संरक्षण दिसतं का. ते दिसलं नाही तर तिथे जाऊ नकोस.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. उलटी_पायरी, तुम्ही सांगितलेल्या खुणा मी आज दोन याद्यांवर केल्या. एका यादीत ‘नकोच’ निम्म्याच्या वर निघालं. नेमका तोच अभ्यासक्रम घरी सगळ्यांना हवा आहे. वर्षभर थांबायचा विचार त्यामुळेच येतोय.

उलटी_पायरी

घरच्यांना तीच खुणा केलेली यादी दाखव. ‘मला आवडत नाही’ यावर वाद होतो, पण विषयांची यादी समोर असली की बोलणं त्या विषयांवर येतं. दुसरी यादीही बरोबर ने. थांबण्याबद्दल मी सावध आहे. निर्णय टाळण्यासाठी घेतलेलं वर्ष बहुधा टाळण्यातच जातं.

सावकाश_चला

उलटी_पायरी, मी थोडा असहमत आहे. वर्ष वाया जातं ते थांबल्यामुळे नाही, त्याला आकार नसल्यामुळे. प्रवेश हातात घेऊन थांबणं आणि हात रिकामे ठेवून थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक संस्था मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू देतात. ते लेखी घ्यावं आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, अनामत किती, शिष्यवृत्तीही पुढे जाते की फक्त जागा, आणि मधल्या वर्षात दुसरीकडे नाव नोंदवलं तर चालतं का. शिष्यवृत्तीचा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि वर्षाने जागा असते, पैसे नसतात.

प्रवेश परीक्षेचे गुण किती काळ ग्राह्य धरतात आणि शिक्षणात खंड पडलेला चालतो का, हेही आधी बघावं.

वर्षाचे तीन तुकडे कर, चार-चार महिन्यांचे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दुसऱ्याला दाखवता येईल असं काहीतरी हवं: पगाराची पावती, पूर्ण केलेला छोटा अभ्यासक्रम, बनवलेली वस्तू. पहिला तुकडा नोकरीचा ठेव, कारण उठण्याची वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते. आणि आठवड्याला तीन तास गणित सोडव. थांबलेल्यांचं पहिलं सत्र अवघड जातं ते बहुतेक वेळा गणित गंजल्यामुळे.

पाटी_पेन्सिल

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल: शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचून निभावतं, पुढे निभावत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघ. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं, ४२ विरुद्ध ५६. म्हणजे पुन्हा वाचल्याने ‘येतंय’ असं लगेच वाटतं, आणि फसगत तिथेच होते.

करायचं असं. धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी पुन्हा कोरा कागद. दुसऱ्या शाईचा मजकूर कमी होत गेला पाहिजे. होत नसेल तर पाठांतर वाढवू नकोस. बहुतेक वेळा मागची एखादी संकल्पना कच्ची असते, ती शोध.

वेळेचा अंदाजही आत्ताच घे. अनेक विद्यापीठं वर्गातल्या प्रत्येक तासामागे बाहेर दोन तासांचा अभ्यास धरतात. आठवड्याला वर्गाचे १५ तास म्हणजे एकूण ४५. वेळापत्रकात मोकळे दिसणारे तास मोकळे नसतात.

जुनी_फाईल

एकच गोष्ट, पण शाळा सुटायच्या आत करायची. शाळेने दिलेला ईमेल पत्ता कुठल्याही अर्जात देऊ नकोस. शाळा सोडली की ती खाती पुष्कळदा बंद होतात, आणि पासवर्ड विसरलीस तर नवा मागवायची वाटही त्यांच्याबरोबर जाते. स्वतःचा पत्ता उघड, साध्या नावाचा. जुन्या खात्यातल्या फाइली, प्रकल्प, फोटो उतरवून घे.

सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का तेही आत्ताच बघ: जन्मदाखला, गुणपत्रक, ओळखपत्र. एका अक्षराचा फरक शाळेत असताना तुलनेने लवकर दुरुस्त होतो, नंतर महिने लागतात. प्रत्येक कागद ३०० डीपीआयवर (हे स्कॅनच्या स्पष्टतेचं माप) स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. शिफारसपत्र लागणार असेल तर शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांग आणि सोबत एका पानावर तू त्यांच्याकडे काय काय केलंस ते लिहून दे, म्हणजे त्यांना नेमकं लिहिता येईल.

शेवटचा_बाक

नाव तपासलं. गुणपत्रकावर आईच्या नावात एक काना जास्त आहे. उद्या शाळेच्या कार्यालयात गेले की काय नेऊ?

जुनी_फाईल

मूळ गुणपत्रक, जन्मदाखला आणि आईचं ओळखपत्र, तिन्हींच्या दोन-दोन प्रती. अर्ज हाताने लिही. चुकीचं नाव आणि बरोबर नाव एकाखाली एक, ठळक अक्षरांत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. मूळ गुणपत्रक ठेवून घेत असतील तर त्याची पोच वेगळी माग.