फायबर तुटल्यावर सिमच्या इंटरनेटवर निवडकच उपकरणे कशी चालवावीत?

प्रश्न (परभणी):
नमस्कार. घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) असून रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटले की एमवॅन३ (एकाहून अधिक इंटरनेट जोडण्या सांभाळणारे त्यातले पॅकेज) आपोआप यूएसबी डोंगलमधल्या सिमवर वळते. मात्र टीव्ही आणि क्लाउडवर चित्रण पाठवणारे कॅमेरे सिमचा दिवसाचा डेटा बघता बघता संपवतात व मुलीचा ऑनलाइन वर्ग मध्येच बंद पडतो. सिमवर फक्त दोन लॅपटॉप चालतील, असे करता येईल का?

उत्तर (नांदेड):
निश्चित येईल, आणि त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिण्याची मुळीच गरज नाही. डोंगलचा इंटरफेस (राउटरमधली त्याची जोडणी) वॅन झोनमधून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडण्यांच्या गटातून, काढून त्याचा स्वतंत्र फायरवॉल झोन करावा, तिथे मास्करेडिंग (घरातल्या उपकरणांचे पत्ते राउटरच्या पत्त्यामागे झाकणे) चालू ठेवावे आणि लॅनमधून (घरातल्या नेटवर्कमधून) त्या झोनकडे सरसकट फॉरवर्डिंग (पुढे जाण्याची मुभा) न देता केवळ दोन लॅपटॉपना परवानगी देणारा ट्रॅफिक रूल लिहावा. हा नियम कायम लागू राहतो, परंतु फायबर सुरू असताना त्या वाटेने कोणी जातच नसल्यामुळे इतर उपकरणांना त्याची झळ लागत नाही.

उत्तर (लातूर):
वरील उपाय योग्य आहे. फक्त नियम आयपी पत्त्याऐवजी मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर) लिहावा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या दोन्ही पद्धती सांभाळल्या जातात. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये बदलता मॅक पत्ता बंद आहे ना, हे अवश्य पाहावे. अन्यथा ज्यांना परवानगी द्यायची तेच अडकतील.

प्रश्नकर्ते:
फायबरची केबल काढून तपासले. टीव्ही थांबला, दोन्ही लॅपटॉप चालले आणि कॅमेरे मेमरी कार्डावर चित्रण साठवत राहिले. दोघांचेही मनापासून आभार.