वाघोलीचं जड पाणी: सोसायटीने एकच मोठा सॉफ्टनर बसवावा का?

धागाकर्ता
वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी पुष्कळ सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच आहेत. खडकवासल्याचं पाणी मऊ. बोअरचं पाणी मात्र बेसाल्टच्या भेगांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे एकूण कठीणपणा (म्हणजे हेच क्षार) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ४५० च्या पाण्यात गिझरची कॉइल क्षाराच्या थराखाली जळते, शॉवर बुजतात, तूरडाळ नीट शिजत नाही. घरोघरी पैसे घालण्यापेक्षा वरच्या टाकीआधी एकच सॉफ्टनर, म्हणजे हे क्षार काढून पाणी मऊ करणारं यंत्र, बसवा, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १
साफ विरोध. आधी मिठाचा हिशेब करा. ५० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २७,००० लिटर. ४५० वरून ५० वर यायचं तर रोज १०.८ किलो कठीणपणा काढावा लागेल. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम पेलतं, म्हणजे २१६ लिटर रेझिन आणि रोज एक रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा ताजं करणं. लिटर रेझिनला १५० ग्रॅम मीठ धरलं तर रोज ३२ किलो, महिन्याला जवळजवळ टनभर! हे खारं पाणी एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लँटमध्ये) जाणार, तिथून बागेत. सोडियमने काळी माती चिकट होते, पाणी मुरेनासं होतं. फरशी पुसायला मऊ पाणी हवंय कुणाला?

धागाकर्ता
५० वर आणायचा हट्ट कशाला? बायपास व्हॉल्व्हने थोडं कच्चं पाणी मिसळून १५० वर ठेवा, मीठ पाव हिश्श्याने कमी लागेल. रिजनरेशनचं पाणी एसटीपीत न सोडता वेगळं काढा.

प्रतिसाद १
वेगळं काढून सोडणार कुठे? ओढ्यात?

प्रतिसाद २
मीठ राहू द्या, प्लँट बंद पडतात ते देखभालीअभावी. टँकरचं पाणी रोज बदलतं, त्यामुळे टायमरवर चालणारं रिजनरेशन कधी उशिरा होतं, कधी वाया जातं. मिठाच्या टाकीत वर ढेप धरते, खाली नुसतं पाणी. मीठ भरलेलं दिसतं आणि नळाला जडच पाणी येतं. मग ‘रेझिन गेलं’ म्हणून नवीन माथी मारतात. आधी काठीने ढेप फोडून पाहा. गढूळ पाण्यासाठी सॉफ्टनरआधी सँड फिल्टर हवाच. हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) सॉफ्टनरनंतर घाला, क्लोरीन रेझिन खातं. रोज सकाळी किटने कठीणपणा तपासा: रंगाचं औषध घातल्यावर लाल झालेलं पाणी दुसऱ्या बाटलीतल्या औषधाच्या किती थेंबांनी निळं होतं ते वहीत लिहा. आणि पाइपला गुंडाळायच्या चुंबकाने कठीणपणा एका मिलिग्रॅमनेही कमी होत नाही.

प्रतिसाद ३
पिण्याचं कुणीच बोललं नाही. सॉफ्टनर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही, फक्त कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. ३०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबवाल्यांसाठी स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवा. जंतूंचा प्रश्न वेगळाच: नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं.

प्रतिसाद १
म्हणून म्हणतो, गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर फक्त त्याच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर घाला. क्षार मुख्यतः तापल्यावरच धरतात. इतरांनी गिझर ५५ अंशांच्या वर नेऊ नका, शॉवरची जाळी महिन्याला सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवा.