मार्चमध्ये पहाट नको, दुपार धरा

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये हिमाचलच्या तीर्थन नदीवर पहाटेपासून गळ घेऊन उभे होतात, पण तरंगती माशी (गळावर बांधलेला नकली किडा) एकाही ट्राउटने, म्हणजे तिथल्या थंड पाण्यातल्या माशाने, विचारली नाही. माशी बरोबर होती हो, वेळ चुकली! आपण ठाणेकर खाडीवर भरती बघून जातो, तिथे पाण्याचा गारठा बघायचा. हिमाचलमध्ये ट्राउट पकडण्यावरची बंदी फेब्रुवारीअखेर उठते तेव्हा पाणी बर्फाळ असतं, त्यामुळे किडे दुपारी बारा ते तीनच्या सुमारास वर येतात.

ढगाळ, दमट दिवस मिळाला तर सोनंच. बेटिस जातीची इवलीशी करडी-हिरवट मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणारा पंखवाला किडा, पाण्यावर येते, पंख शिडासारखे उभे. दमट हवेत पंख लवकर वाळत नाहीत, म्हणून ती जास्त वेळ वाहत राहते आणि मासा निवांत टिपतो. सोळा ते वीस नंबरचा बारीक गळ पुरे.

आणि दोरी ताणली जाऊन माशीमागे रेघ उमटली की संपलंच, ट्राउट तोंड फिरवतो. मी सोसायटीच्या गच्चीवर लोकरीचा तुकडा बांधून फेकण्याचा सराव करतो. वॉचमन अजून हसतो.

हे किडे नदीत आहेत याची खात्री हवी तर काठाजवळचा दगड उलटून बघा. खाली मेफ्लायची तीन शेपट्यांची अळी चिकटलेली दिसेल. दगड परत तसाच ठेवा.