चिनी म्हण: पिवळी फुलं ‘उद्याची’ की ‘कालची’?

शाईदौत: शिळ्या बातमीला, ओसरलेल्या फॅशनला चिनीत ‘मिंगरी ह्वांगह्वा’ म्हणतात, म्हणजे ‘उद्याची पिवळी फुलं’. हल्ली सर्रास ‘त्स्वोरी’, म्हणजे ‘कालची’ लिहितात. सरळ चूक आहे. मूळ ओळ कवी सु शी (१०३७–११०१) याची. नवव्या चांद्र महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंती बघायचा सण असतो. त्या दिवशी तो मित्राला म्हणतो, परतायची घाई नको, उद्या या फुलांपाशी फुलपाखरूही खंतावेल. बोलणारा सणाच्या दिवशी उभा आहे, म्हणून ‘उद्या’. दसरा उलटल्यावर आपट्याच्या पानाला कोण विचारतो?

कोपरखळी: ओळ बरोबर, निष्कर्ष नाही. कविता ठाऊक नसलेल्याला ‘उद्याची फुलं’ उमलायची वाटणारच. शब्द असे फिरतातच. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगझच्या ग्रंथात ‘मेइ-श्या-यू-ख्वांग’ आहे: डुकराचा पाय जितका खाली चाचपाल तितकं त्याचं पुष्टपण नेमकं कळतं. शब्दांची अदलाबदल होऊन ‘मेइ-ख्वांग-यू-श्या’ झालं, अर्थ ‘दिवसेंदिवस घसरण’. आज कोशात आहे, कोणी नाक मुरडत नाही.

आणि मुळावरच जायचं तर ‘शोउ-चू-ताय-थू’ ही म्हण घ्या. ससा बुंध्यावर आपटून मेला, शेतकरी अवजार टाकून दुसऱ्या सशाची वाट बघत बसला. प्राचीन विचारवंत हान फेइनं हा टोला जुन्या राजांच्या रीतीनं आजची प्रजा हाकणाऱ्यांना हाणला होता. आता ती आयत्या घबाडाची वाट बघणाऱ्याला लावतात. तिथे का गप्प?

शाईदौत: कारण तिथे जुना अर्थ रोजच्या वापरातून गेलाच. इथे ‘उद्या’ जिवंत आहे, आणि शाळेच्या सरावप्रश्नांत ‘काल’ चूक म्हणूनच देतात.

तळटीप: म्हण लावायची कशाला, हे राहिलंच. पिवळी फुलं ज्याला एकेकाळी भाव होता त्यालाच. जुनाट नियमाला किंवा पद्धतीला चिकटून बसण्याला ‘ख-चोउ-छ्यू-च्यान’. छू राज्यातल्या माणसाची तलवार नदीत पडली, त्यानं नावेच्या काठावर खूण कोरली आणि नाव थांबल्यावर खुणेखाली पाण्यात उतरला. नाव पुढे सरकली होती, तलवार नाही. ‘ल्यूशी छुनछ्यू’ या ग्रंथातल्या (इ.स.पू. २३९च्या सुमारास) त्याच प्रकरणात छूचं सैन्यही आहे: नदीत आधी खुणा रोवल्या, मग पाणी चढलं, तरी रात्री त्याच खुणांवरून नदी ओलांडायला उतरले आणि हजारावर बुडाले. मराठीत तलवारीच्या म्हणीला ‘बैल गेला अन् झोपा केला’ लावू नका. झोपा उशिरा होतो. इथे खूण वेळेवर केली, पण हलत्या वस्तूवर.

कोपरखळी: झोप्याचं पटलं, ‘काल’चं नाही. भाषांतरात ‘उद्याची’ ठेवायचीच तर सण त्याच वाक्यात आणा, नाहीतर वाचक त्यांना आशेची फुलं समजेल.