मदत हवी आहे: बॉट्रिलसच्या जोड्या जुळतही नाहीत, नाकारतही नाहीत

ओहोटीरेषा:
बॉट्रिलस श्लोसेरी या वसाहतीने राहणाऱ्या समुद्री प्राण्याच्या कॉलन्यांवर फ्यूजन-चाचण्या (दोन कॉलन्या एकजीव होतात का ते पाहणं) चालू आहेत. कॉलन्या व्हेनिसच्या लगूनमधल्या, काचपट्ट्यांवर वाढवलेल्या. पाणी १९ अंश सेल्सिअस, क्षारता ३४, खाद्य आयसोक्रायसिस हे सूक्ष्मशैवाल. दोन कॉलन्यांचे तुकडे एका पट्टीवर शेजारी ठेवून चार दिवस रोज पाहते. काही जोड्यांत संपर्काच्या जागी तपकिरी ठिपके येतात, म्हणजे नकार. थोड्या जुळतात. पण जवळजवळ निम्म्या जोड्यांत काहीच होत नाही. त्यांना 'न जुळणाऱ्या' धरायचं का? शिवाय एकाच जोडीच्या दोन प्रतींतून एकदा नकार आणि एकदा 'काहीच नाही' असं का येतं?

खडकपाळ:
'काहीच नाही' म्हणजे नकार नव्हे. ती चाचणी झालीच नाही असं धरा. तक्त्यात तिसरा रकाना करा, 'संपर्क नाही', आणि टक्केवारी काढताना तो वगळा. नकार ही घडणारी क्रिया आहे. दोन्हीकडचे अँप्युला, म्हणजे कडेच्या रक्तवाहिन्यांची फुगीर टोकं, एकमेकांना भिडतात, तिथे मोरुला पेशी (एक प्रकारच्या रक्तपेशी) गोळा होतात, त्यांचं फिनॉलऑक्सिडेज हे विकर बाहेर पडतं आणि तो तपकिरी रंग दिसतो. अँप्युला भिडलेच नाहीत तर ठिपका यायचा कुठून?

पहिला संशय अवस्थेवर. १८ ते २० अंशांना मुकुलनाचं (कळ्यांसारखे नवे जीव, म्हणजे मुकुल, फुटण्याचं) चक्र साधारण आठवड्याचं असतं, त्याच्या अवस्था ए ते डी. अखेरच्या डी अवस्थेत सगळे प्रौढ झूइड (कॉलनीतले एकेक जीव) सायफन, म्हणजे पाणी आत-बाहेर नेणारी तोंडं, मिटून आक्रसतात, दीडेक दिवसात शरीरातच जिरतात आणि मुकुल त्यांची जागा घेतात. त्या काळात अभिसरण मंदावतं आणि अँप्युला मागे सरतात. त्या दिवशी लावलेली जोडी तशीच पडून राहते. एका प्रतीत नकार आणि दुसरीत शांतता येण्याचं कारण बहुधा हेच.

जोडी लावायची ती दोन्ही कॉलन्या ए किंवा बी अवस्थेत असताना. सायफन नुकतेच उघडले की ए. मोठ्या मुकुलांचं हृदय ठोके देऊ लागलं की बी. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसतं. वाराप्रमाणे नव्हे, अवस्थेप्रमाणे कापा.

शिंपला_पुणे:
कापण्याबद्दल. ब्लेड काचेला जवळजवळ आडवं टेकवून सरकवा, म्हणजे कंचुक (कॉलनीचं बाहेरचं आवरण) फाटत नाही. प्रत्येक तुकड्यात निदान एक पूर्ण तारा (झूइडांचा ताऱ्यासारखा गट) हवा, आणि जोडीदाराकडे तोंड करणारी कड नैसर्गिक हवी, अँप्युलांच्या रांगेसकट. कापलेली कड समोर आली तर नवे अँप्युला वाढेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्यात कॉलनी डी अवस्थेत जाऊ शकते. मधलं अंतर १ ते २ मिलिमीटर. मग ओला टिश्यू घातलेल्या झाकणबंद पेट्रीडिशमध्ये २० ते ३० मिनिटं ठेवा, तुकडे काचेला धरले की हलकेच पाण्यात सोडा. लगेच जोराचा प्रवाह दिलात तर तुकडे सरकतात आणि अंतर वाढतं.

नियंत्रण जोड्या लावता का? एकाच कॉलनीचे दोन तुकडे जुळलेच पाहिजेत. आई आणि तिचं पिल्लूही जुळलंच पाहिजे, कारण फ्यूजनला एफयूएचसी या, जुळणं-नाकारणं ठरवणाऱ्या, जनुकीय स्थानावरचं एक सामाईक अ‍ॅलील (जनुकाचं रूप) पुरतं आणि ते पिल्लाला आईकडून मिळालेलंच असतं. या जोड्याही गप्प राहिल्या तर दोष जनुकांचा नाही, मांडणीचा किंवा पाण्याचा आहे. पितळी नळ किंवा जोडणी असेल तर आधी ती काढा, तांबं यांना सोसत नाही.

ओहोटीरेषा:
दोघांचे आभार. सगळं दर सोमवारी कापलं जात होतं, अवस्था न पाहता. अंतर ३ ते ४ मिलिमीटर होतं. नियंत्रण म्हणून एकाच कॉलनीचे तुकडे होते, आई-पिल्लू नव्हते. आणखी एक: जुळलेल्या जोड्या कापून तुकडे परत मूळ साठ्यात टाकले तर चालेल ना?

खडकपाळ:
अजिबात नको! जुळल्यावर दोघींचं रक्त एक होतं आणि त्याबरोबर मूळपेशीही पलीकडे जातात. एकीच्या मूळपेशी दुसरीच्या जननग्रंथींचा ताबा घेऊ शकतात. वरून कॉलनी 'अ' दिसते, अंडी मात्र 'ब' ची. रंगावरून हे कळत नाही. असे तुकडे परत साठ्यात गेले असतील तर त्या पट्ट्या आज वेगळ्या करा आणि सूक्ष्मउपग्रह खुणांनी (मायक्रोसॅटेलाइट, डीएनएतल्या ओळख पटवणाऱ्या खुणा) तपासा. प्रत्येक जनुकरूपाची निदान एक पट्टी कधीच कुणाशी न भिडवलेली ठेवायची.

फ्यूजन ठरवताना कंचुक मिसळला एवढं पुरत नाही. दोघींना जोडणाऱ्या वाहिनीतून रक्तपेशी जाताना दिसल्या पाहिजेत. प्रवाहाची दिशा थोड्या थोड्या वेळाने उलटते, मध्ये क्षणभर थांबते, म्हणून एका जोडीला पाच मिनिटं द्या. पहिली नोंद २४ तासांनी, मग रोज, पुढची डी अवस्था येईपर्यंत.

शिंपला_पुणे:
एक राहिलं. लगूनमधून नव्या कॉलन्या आणल्या की सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात ते जनुक) याचा अनुक्रम काढून घ्या. पूर्वी श्लोसेरीचा क्लेड (वंशशाखा) ई म्हणत तो गट २०२० साली बॉट्रिलस गाये या वेगळ्या प्रजातीत गेला, आणि नुसत्या डोळ्यांनी दोघांत गफलत होते. दोन प्रजातींची जोडी लावून मिळालेला निकाल एफयूएचसीबद्दल काहीच सांगत नाही.